गावच्या लक्ष्मी यात्रेची वर्गणी विश्वासी घरानं द्यायची का?

खानापूर_रोड :
आमच्या गावात बऱ्याच वर्षांनी लक्ष्मी यात्रा ठरली आहे. पंच कमिटीनं घरटी वर्गणी बसवली आहे, आणि त्याच्या आधी वार पाळणूक, म्हणजे ठरलेल्या मंगळवारी शुक्रवारी शेतात कोणी जायचं नाही, औत धरायचं नाही. गावात आमची विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, घरं मोजकीच, आणि सगळे एकमेकांना हेच विचारायलेत की आपण काय करायचं.

माझं मत सांगतो. ख्रिस्ताचे झालो म्हणून गाव सुटत नाही, पण देवीच्या नावाची पावती फाडायची आणि रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला हात पुढे करायचा हे जमत नाही, दोन मेजांवर बसता येत नाही हे पौलानं करिंथकरांना स्पष्ट लिहिलंय. म्हणून मी पंचांकडं जाऊन तोंडावर सांगितलं, पूजेचा आणि रथाचा पैसा आमच्याकडं मागू नका, पण पाणी, लाईट, पाहुण्यांच्या गाड्या लावायला आमचं वावर, ह्यात आमचा पैसा पण हाय आणि माणसं पण. वार पाळायच्या दिवशी आम्ही औत धरणार नाही, देवीला मानून नव्हे, शेजाऱ्याचं मन दुखू नये म्हणून. चोरून काही करायचं नाही, वर्गणी पण चोरून द्यायची नाही आणि प्रार्थना पण चोरून करायची नाही. २०२१ च्या डिसेंबरात इथंच बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधानसभेनं धर्मांतरबंदीचं बिल पास केलं तेव्हापासून आमच्यातले काही जण घरातली प्रार्थनासुद्धा दार लावून करायलेत, मला ते पटत नाही, प्रार्थनेवर बंदी असताना पण बायबलातला दानीएल खिडक्या उघड्या ठेवून गुडघे टेकत होता.

जागृत_विश्वासी :
भाऊ, वार पाळला म्हणजे मानला. तुमच्या मनात काय हाय ते गावाला दिसत नाही, गावाला बंद औत दिसतं. आज वार, उद्या नैवेद्य, परवा पोरगं रथाची दोरी ओढायला. त्यांच्यातून निघा आणि वेगळे व्हा असं शास्त्र सांगतं, त्यात पाणी आणि लाईटची सवलत नाही.

शिवारातला_मराठा :
मी ख्रिश्चन नाही, पण गावचाच आहे म्हणून लिहितो. वर्गणीचे असे तुकडे कसे करता ओ? रस्ता होतो तो पण यात्रेसाठीच, पाण्याचा टँकर येतो तो पण यात्रेसाठीच. गावकी एक असते. तुमच्या नाताळला आम्ही घरी येतो, केक खातो, कोणाचा देव बाटला नाही. आणि आधीच इथं मराठी माणूस कमी पडायलाय, त्यात तुम्ही वेगळी चूल मांडणार.

खानापूर_रोड :
@शिवारातला_मराठा दादा, केक खाणं आणि वेदीपुढं नमणं ह्यात फरक आहे, आम्ही तुम्हाला कधी प्रभुभोजन घ्या म्हटलं नाही. आणि मराठीपणाचं म्हणाल तर बाबा पदमनजी बेळगावातच जन्मले, १८३१ साली, १८५४ ला बाप्तिस्मा घेतला आणि नंतर जन्मभर मराठीतच लिहीत राहिले. १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची, काळी फीत आमच्या पण दंडावर असते. आणि त्याच आठवड्यात कन्नड भावाशेजारी गुडघे टेकून एकच भाकर घेतो, ते सोपं नसतं, पण तिथं मी आधी प्रभूचा असतो. चर्चमध्ये मराठी कन्नडवरून तोंडं वाकडी होतात तेव्हा सुद्धा मी हेच बोलतो, फक्त देवीच्या बाबतीत नाही.

कॅम्पवाली :
मी कॅथलिक. मला वाटतं तुम्ही दोघंही भिंत जरा जास्तच उंच बांधताय. बैलहोंगलकडं देशनूरला जेसुइट फादर लिंगायत विरक्त स्वामींसारखे भगवे घालून, शाकाहार पाळून राहिले, लोकांनी त्यांना स्वामी म्हटलं. २०१९ ला आपल्या बिशपांचा तिथला भगव्या कपड्यातला फोटो फिरला तेव्हा केवढा गोंधळ घातला लोकांनी, दोन्ही बाजूंनी! पण त्या फादरांची मिस्सा, म्हणजे आमची प्रभुभोजनाची उपासना, मिस्साच होती ना. वर्गणी देऊन टाका, देव हिशोबाची वही बघत नाही.

जागृत_विश्वासी :
ताई, तुमच्या घराला चर्चमध्ये पिढ्या झाल्या असतील, तुम्हाला भगवं घालून बघायची हौस परवडते. माझ्या आजीला लहानपणी सौंदत्तीला यल्लम्मा देवीला देवदासी म्हणून सोडलं, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधली आणि पुढं तिचं काय झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. देवदासी बंदीचा कायदा १९८२ चा, तिची माळ त्याच्या कितीतरी आधीची. आमच्या आईनं बाप्तिस्म्याच्या आधी घरातला जग, म्हणजे यल्लम्माचा मुखवटा बसवलेली टोपली, ती परडी, ते भंडाऱ्याचं पिशवीभर पिवळं सगळं बाहेर काढलं, तेव्हा भावकीतलं एक माणूस उंबऱ्यात उभं राहिलं नाही. तुमच्यासाठी यात्रा संस्कृती असेल. मला हलगी वाजली की आजीचा गळा दिसतो. मी कोणाचा हे मी विसरलो तर मला परत तिथंच जायला लागतं.

खानापूर_रोड :
@जागृत_विश्वासी तुमच्या घराला मी वार पाळा म्हणणार नाही, कधीच नाही. रोमकरांस १४ मध्ये हेच आहे, एकजण दिवस मानतो, एकजण सगळे दिवस सारखे मानतो, दोघांनी प्रभूसाठी करावं. पण बायबलातल्या अरामी सेनापती नामानाचं पण बघा, त्यानं अलीशा संदेष्ट्याला आधीच सांगितलं की राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनच्या देवळात नमेल तेव्हा मला वाकावं लागेल. अलीशानं त्याला हाकललं नाही, शांतीनं जा म्हटलं.

नवी_सून :
सगळे पंच आणि औतावर बोलायलेत, माझं कोण सांगणार? माझ्या दोन्ही नणंदा हिंदू घरात दिल्यात, यात्रेला त्या पोराबाळांसकट आमच्याकडंच उतरणार. त्या ओटी भरायला जाणार, मला चल म्हणणार. घरात मटण करायचं का नाही? सासूबाई म्हणतात पाहुण्यांना उपाशी ठेवायचं का.

खानापूर_रोड :
ताई, मटण बाजारातून आणा, खाटकाला काही विचारू नका, पोटभर जेवू घाला, पौल असंच सांगतो. देवीपुढं कापलेलं म्हणून कोणी वाटा आणून दिला तर हात जोडून परत करा, कारण सांगा. ओटी भरायला जाऊ नका, पण नणंदांची पोरं तेवढा वेळ तुम्ही सांभाळा, गर्दीत लहान पोरांचे फार हाल होतात.

कॅम्पवाली :
वाटा परत केला तर नणंद वर्षभर बोलणार नाही, हे पुरुषांना कळत नाही.

नवी_सून :
बोलणार नाही हे खरं आहे ताई. तरी परत करीन. सासूबाईंना आजच सांगते, ऐनवेळी नको.

शिवारातला_मराठा :
पंच कमिटीत मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही, मला पटलेलं नाही, वर्गणी सगळ्यांना सारखी पाहिजे. पण वावर द्यायचं असलं तर यात्रेच्या आधी हरभरा काढून मोकळं करा, गाड्या लई येणार.

जागृत_विश्वासी :
गाड्या लावायला मी पण येतो. वार पाळणार नाही.