गिल्ड वॉर्स २ (ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम) कुणी खेळून पाहिला का? गेम्सकॉम, कलोन (ऑगस्ट २०१०)

मंत्रतंत्र:
आखनला शिकतोय, शनिवारी ट्रेनने कलोनला गेम्सकॉम या गेम्सच्या मेळ्याला जायचा विचार आहे. पण गर्दीचं ऐकून हिंमत होईना. कुणी जाऊन आलं असेल तर सांगा ना, रांगेत तासन् तास उभं राहण्याइतकं आहे का या गेममध्ये काही?

कोथरूडी_जादूगार:
मी काल गेलेलो. रांग विचारू नकोस, पाय गेले कामातून, पण पीसीसमोर बसल्यावर ४० मिनिटं कुठे गेली कळलंच नाही. मी एलिमेंटॅलिस्ट (जादूगार) घेतला, माणसांच्या गावावर सेंटॉर (अर्धे माणूस, अर्धे घोडे) चालून येतात तिथून सुरुवात. गंमत म्हणजे पहिली ५ स्किल्स हातातल्या शस्त्रावर ठरतात, काठी घेतली की वेगळी, खंजीर घेतला की सगळं बदलतं. आणि डॉज, म्हणजे उडी मारून वार चुकवणं! नुसतं उभं राहून बटणं दाबलीस तर मेलास. ड्रॅगनवाला भाग घ्यायचा असेल तर ‘चार’ (Charr) ही शिंगवाली जमात घे, मी शेजारच्याच्या स्क्रीनवर डोकावून पाहिला, तोंडात माशी गेली असती.

भाकरवडी८५:
हीलर, म्हणजे इतरांना बरं करणारा, नाहीच म्हणे वेगळा? मग पार्टीत आम्ही काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?

कोथरूडी_जादूगार:
स्वतःचं हील स्वतः करायचं, पडलेल्याला कुणीही उठवू शकतं. मला तर बरं वाटलं, हीलर शोधत अर्धा तास बसायला नको.

मंत्रतंत्र:
पहिल्या गिल्ड वॉर्ससारखीच यालाही महिन्याची फी नाही ना?

कोथरूडी_जादूगार:
नाही रे. आणि ओळखपत्र ने, वयाप्रमाणे मनगटाला पट्टी बांधतात. पाणी पण ने, आतली बाटली परवडणार नाही.