मदत हवी आहे: ठरलेली तारीख, मधे चवथ आणि पॉइंटचे तास. ग्राहकाला प्रामाणिक तारीख कशी सांगू?

नमस्कार मंडळी,

पणजीला पाटो भागात एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी टीम लीड आहे. टीम सात जणांची. गेस्ट हाउस आणि छोट्या हॉटेलांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो: बुकिंग, बिलं, खोल्यांची साफसफाई, परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत द्यावी लागणारी माहिती, सगळं त्यातच. बार्देशातल्या एका ग्राहकाला नवी आवृत्ती १ ऑक्टोबरला सुरू करून हवी आहे. सीझनची गर्दी वाढण्याआधी काउंटरवरच्या लोकांचा हात बसला पाहिजे, ही त्याची मागणी मला पूर्ण रास्त वाटते. करार मात्र ठरावीक रकमेचा आणि ठरावीक तारखेचा झालाय, आणि तो होताना टीमला कुणी विचारलं नव्हतं.

आमचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरावीक टप्पे, दोन आठवड्यांचे. पुढचा ८ जूनला सुरू होईल. बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, ४२ स्टोऱ्या (कामाचे छोटे तुकडे) उरल्यात. मागच्या आठ स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या स्टोऱ्या अशा: ७, ३, ९, ६, ८, ४, ७, ६. तीनचा स्प्रिंट शिगम्यातला, चारचा लग्नसराईतला. यंदा चवथ १४ सप्टेंबरला आहे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, चवथीला इथे एका दिवसाच्या रजेवर भागत नाही. कुणाचं मूळ घर काणकोणात, कुणाचं पेडण्यात; सगळं कुटुंब तिथे जमतं, माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची आरास) बांधायची असते, घरात गणपती असेपर्यंत माणूस तिथून हलत नाही. हलूही नये.

पण तारखेपेक्षा मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. वरून कोष्टक आलंय: १ पॉइंट (कामाचा अंदाजे आकार सांगणारा आकडा) म्हणजे ४ तास. म्हणजे आठवड्याला माणशी १० पॉइंट व्हायलाच हवेत. तेच आकडे शेजारच्या टीमशी ताडून बघतात आणि अप्रेजललाही लावतात. त्यामुळे ज्या कामाला पूर्वी सगळे ३ म्हणायचे त्याला आता ८ म्हणतात. व्हेलॉसिटीचा, म्हणजे दर स्प्रिंटला होणाऱ्या पॉइंटचा, आलेख चढतोय आणि पूर्ण होणाऱ्या स्टोऱ्या तेवढ्याच आहेत. नवीन लागलेली दोन मुलं आकडा सांगण्याआधी माझ्या चेहऱ्याकडे बघतात. हुशार मुलं आहेत, खोलात जाऊन प्रश्न विचारायची. ती अशी गप्प होत चाललेली मला बघवत नाही.

शिवाय मधेच काही आलं तर काय, हेही आहे. गेल्या वर्षी ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीभाड्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ३ सप्टेंबरला जाहीर, २२ सप्टेंबरपासून लागू. तीन आठवडेही हातात नव्हते, आणि ते काम पुढे ढकलण्यासारखंही नव्हतं.

ग्राहकाला कोणती तारीख सांगावी आणि कोणत्या शब्दांत? पॉइंटचे तास करणं थांबवण्यासाठी वरच्यांपुढे काय मांडावं? आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या टीममधले दोघे ‘मदतीला’ देतो म्हणतायत, ते घ्यावेत का? बाहेरून कोच आणायला पैसे नाहीत, तेव्हा जे करायचं ते मलाच करायचं आहे.

---

मडगावचा टेस्टर

ताई, तुमच्याकडे सगळ्यात चांगली गोष्ट आधीच आहे: आठ स्प्रिंटचे खरे आकडे. पॉइंट बाजूला ठेवा, फक्त पूर्ण झालेल्या स्टोऱ्या मोजा. सरासरी सव्वासहा येते, म्हणजे ४२ ला सातवा स्प्रिंट लागतो. पण सरासरीवर तारीख देऊ नका.

एक्सेल उघडा. त्या आठ आकड्यांतून प्रत्येक स्प्रिंटसाठी एक आकडा चिठ्ठी काढल्यासारखा उचलायचा, बेरीज ४२ पर्यंत पोचायला किती स्प्रिंट लागले ते लिहायचं, आणि हेच हजार वेळा करायचं. याला माँटे कार्लो म्हणतात. नाव मोठं आहे, काम दोन फॉर्म्युल्यांचं. मी तुमचे आकडे मांडून पाहिले. सहा स्प्रिंटमध्ये संपायची शक्यता शंभरात सुमारे २०, सातमध्ये सुमारे ६८, आठमध्ये सुमारे ९५.

आता कॅलेंडर लावा. सातवा स्प्रिंट ११ सप्टेंबरच्या शुक्रवारी संपतो आणि आठवा बरोबर चवथीच्या दिवशी सुरू होतो. त्या स्प्रिंटला चिठ्ठी काढूच नका, शिगम्यासारख्या ३ स्टोऱ्या धरा. मग २५ सप्टेंबरपर्यंत सगळं पूर्ण व्हायची शक्यता ९५ वरून ८५ च्या आसपास येते. वाईट नाही. पण हे सगळं बॅकलॉग ४२ वरच थांबला तर. तो थांबत नाही हे तुम्हीच जीएसटीच्या उदाहरणात सांगितलंय.

म्हणून ग्राहकाबरोबर बसा आणि ज्यांच्याशिवाय १ ऑक्टोबरला काउंटर चालूच शकत नाही तेवढ्या स्टोऱ्या वेगळ्या काढा. समजा ३४ निघाल्या. त्या २८ ऑगस्टपर्यंत, म्हणजे सहा स्प्रिंटमध्ये, व्हायची शक्यता ८० आणि ११ सप्टेंबरपर्यंत ९८ च्या आसपास. उरलेल्या आठ स्टोऱ्या हीच तुमची राखीव जागा. काही नवीन घुसलं तर त्यातली एक पुढे जाईल, आणि कोणती ते ग्राहक ठरवेल.

ग्राहकाला टक्क्यांत सांगायला घाबरू नका. तो गेस्ट हाउस चालवतो. डिसेंबरात किती खोल्या भरतील हे तोही एका आकड्यात सांगत नाही, तरी त्यावर माणसं नेमतो आणि माल भरतो.

---

कोथरूडकर

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी पॉइंटच्या मुद्द्यावर लिहितो, कारण तिथे टीमचं खरं नुकसान होतंय.

वरच्यांना पॉइंटचा उगम सांगा. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर करायच्या पद्धतीच्या सुरुवातीच्या काळात ‘आयडियल डे’ वापरत, म्हणजे कुणी मधे आलं नाही तर लागणारे दिवस. प्रत्यक्षात त्याच्या साधारण तिप्पट दिवस लागत. ऐकणाऱ्यांना प्रश्न पडे, की एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का? तो घोळ टाळायला दिवस सोडून नुसते पॉइंट म्हणू लागले. म्हणजे तासांशी असलेली नाळ मुद्दाम तोडली होती, आणि तुमच्याकडे ती पुन्हा जोडली जातेय. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या टीममधले रॉन जेफ्रीज यांनी २०१९ मध्ये लिहिलं, की पॉइंट कदाचित आपणच शोधले असतील आणि तसं असेल तर आता खेद वाटतो. टीमची एकमेकींशी तुलना करण्यासाठी होणारा वापर हे त्यामागचं एक मोठं कारण.

कुणी ‘स्क्रममध्ये असंच असतं’ म्हणालं तर स्प्रिंटने काम करायच्या या पद्धतीची अधिकृत पुस्तिका, स्क्रम गाइड, तिची २०२० ची आवृत्ती पुढे ठेवा. व्हेलॉसिटी आणि स्टोरी पॉइंट हे शब्द त्यात नाहीत. कामाचा आकार ठरवायची जबाबदारी ते काम करणाऱ्यांची, हे मात्र स्पष्ट लिहिलंय.

तरी तत्त्वापेक्षा तुमचाच आलेख जास्त बोलेल. एकाच कागदावर दोन रेघा काढा: चढणारे पॉइंट आणि जागेवर असलेल्या स्टोऱ्या. सोबत कोणतंही भाषण नको. आकड्याला बक्षीस किंवा शिक्षा जोडली की आकडा सुधारतो आणि काम तिथेच राहतं, हे त्या कागदावर कुणालाही दिसेल.

नवीन मुलांबद्दल. प्लॅनिंग पोकर, म्हणजे आकड्यांचे पत्ते टाकून कामाचा अंदाज करायचा प्रकार, २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी मांडला. सगळ्यांनी एकदम पत्तं उलटायचं हा त्याचा गाभा, म्हणजे पहिल्या आकड्याला बाकीचे चिकटत नाहीत. तुम्ही स्वतः पत्तं टाकूच नका, फक्त बैठक चालवा. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा ज्यांचा, त्या दोघांना आधी बोलू द्या आणि ‘इतके का?’ऐवजी ‘तुला यात काय दिसतंय?’ असं विचारा. एक १३ म्हणतो आणि बाकीचे ३, तेव्हा बहुतेक वेळा त्या एकाला अशी काही गोष्ट माहीत असते जी स्टोरीत लिहिलेलीच नाही. आकड्यावर एकमत झालं नाही तरी ती गोष्ट स्टोरीत लिहून घ्या. बैठक त्यासाठीच आहे.

ऑगस्टमधली ती दोन माणसं घेऊ नका. सॉफ्टवेअर प्रकल्पांवर लिहिणारे फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. सात जणांत बोलण्याच्या जोड्या २१ होतात, नऊ जणांत ३६. शिकवायला तुमचेच चांगले लोक बसतील, तेही नेमके चवथीच्या तोंडावर. द्यायचीच असतील तर ८ जूनलाच द्या म्हणा.

---

शिवोलीचा घरमालक

मी सॉफ्टवेअरमधला नाही, खोल्या भाड्याने देतो. तुमच्या ग्राहकाच्या जागी मी असतो तर १ ऑक्टोबरला मला बुकिंग, बिल आणि परदेशी पाहुण्यांची नोंद बिनचूक हवी. महिन्याचे अहवाल, रंगीत तक्ते डिसेंबरानंतर आले तरी चालतील. पण ऐन सीझनमध्ये काउंटरवर नवीन बदल मुळीच नको. आणि काही लांबणार असेल तर जुलैत सांगा. जुलैत मला वेळ असतो, जुन्या पद्धतीची तयारी ठेवता येते. २८ सप्टेंबरला सांगितलंत तर मी काहीच करू शकत नाही.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शिवोलीच्या दादांचा प्रतिसाद मी टीमला मोठ्याने वाचून दाखवला. आजवर आमच्यातल्या कुणी ग्राहकाला जुलैचं महत्त्व विचारलंच नव्हतं.

काल ग्राहकाबरोबर बसलो. काउंटरला लागणाऱ्या ३४ नाही, ३१ स्टोऱ्या निघाल्या. टक्के त्याला लगेच कळले. त्याने फक्त विचारलं, की दर पंधरवड्याला हा तक्ता पुन्हा मांडून दाखवाल का. हो म्हटलंय. दोन रेघांचा कागद वर दिला. दुसऱ्या टीमशी तुलना तूर्त थांबवतो म्हणाले, अप्रेजलचं मात्र अजून अडलंय. माणसाचं काम मोजायला काहीतरी आकडा हवाच, असा आग्रह आहे.

तोवर मुलांना काय सांगू? अप्रेजलचा फॉर्म मीच भरते आणि पोकरची बैठकही मीच चालवते. मी पत्तं टाकलं नाही तरी त्यांची नजर माझ्याकडेच असते.

---

मडगावचा टेस्टर

मग बैठक तुम्ही चालवू नका. शेजारच्या टीमच्या लीडशी अदलाबदल करा: तुमची पोकरची बैठक ती व्यक्ती चालवेल, तिची तुम्ही. पैसे लागत नाहीत, आणि ज्याच्या हातात कुणाचा फॉर्म नाही त्याच्यासमोर माणूस मोकळं बोलतो. वैयक्तिक पॉइंटची नोंदही ठेवू नका. स्टोरी टीमची आणि पॉइंटही टीमचे, म्हणजे फॉर्ममध्ये भरायला आकडाच उरणार नाही. त्या जागी लिहा, की या माणसाने कोणती अडचण वेळेत दाखवली आणि कोणाला काय शिकवलं. हे तुम्हाला कोणत्याही कोष्टकाशिवाय सांगता येईल.

सुरुवात ८ जूनच्याच बैठकीपासून करा. त्या लीडशी आजच बोलून ठेवा, म्हणजे त्यांनाही स्टोऱ्या वाचायला वेळ मिळेल.