दूध-अंडी नसलेल्या घराचा आठवड्याचा बाजार: अनुभव लिहा

कृष्णाकाठची
काल माळा आवरताना आईची किराण्याची वही सापडली. दर पानावर एका बाजूला वार, दुसऱ्या बाजूला कडधान्य. सोमवार मटकी, मंगळवार अख्खा मसूर, बुधवार काळे वाटाणे. भाजीचं नाव कुठेच नाही. "भिजत काय घालायचं ते ठरलं की भाजी ठरतेच," म्हणायची. आता आमच्याकडे दूध, दही, तूप, अंडी काहीच येत नाही, आणि शनिवारच्या बाजाराला निघण्याआधी मी अगदी तेच करते. आधी बरण्या बघायच्या, मग भिजवायचे वार लिहायचे, मगच पिशवी उचलायची. पालेभाजी दोनच जुड्या, त्या सोमवारपर्यंत संपवायच्या. मग वांगी, दोडका. दुधी, कोबी, रताळी शेवटाला. मेथी न धुता निवडून सुती फडक्यात गुंडाळते, चांगली टिकते. कोरडा किराणा महिन्याचा एकदम, सांगलीच्या गणपती पेठेतून. तुमच्याकडे कसं?

मिरजवाला
शेंगदाणे किती लागतात ते विचारूच नका ताई 😄 कूट, चटणी, म्हाद्या (दाण्याच्या कुटाचं दाट कालवण), आणि आता दहीपण त्याचंच

औदुंबर_७
दही कसं लावता??

मिरजवाला
वाटीभर दाणे रात्री भिजवायचे, सालं काढून तीन वाट्या पाण्यात बारीक वाटायचे. गाळून उकळी आणायची, सारखं ढवळत, नाहीतर तळाला लागतं. कोमट झालं की हिरव्या मिरचीचे चार-पाच देठ टाकून उबेला ठेवायचं. पुढच्या वेळी त्यातलंच चमचाभर विरजण. चोथा थालीपिठात.

अजिंक्यतारा
आम्ही साताऱ्याचे. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा घेतो, भौगोलिक मानांकन मिळालेला. शिजला की रस्सा आपोआप दाट होतो, वाटण लागत नाही. सासूबाईंना आधी वाटायचं दूध नाही तर हाडांचं काय. नाचणी दाखवली, 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलीग्रॅम कॅल्शियम. आता त्याच दळण आणतात

गोळीवाली_काकू
सगळं छान, पण बाळांनो बी-12 ची गोळी यादीत लिहा. भाजी-कडधान्यातून ते भरवशानं मिळत नाही. डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा. आणि उसळीवर लिंबू पिळाच, लोह अंगी लागतं.

कृष्णाकाठची
काकू, लिहिलं लगेच 🙏

पूररेषा
2019 च्या पुरात भाजी मिळेना, दुधाच्या पिशवीला रांगा. आमच्या वरच्या मजल्यावर पाच घरं जमली होती. बरण्यांतली मटकी आणि मसूर रोज मोठ्या पातेल्यात. तेव्हापासून कडधान्य पंधरा दिवसांचं जास्तीचं ठेवतोच, पावसाळ्यात तर नक्की.

अजिंक्यतारा
वाचून काटा आला दादा. सगळे सुखरूप ना?

पूररेषा
हो ताई, माणसं सगळी नीट. खालचा फ्रीज गेला फक्त

औदुंबर_७
जास्तीच्या मटकीला पोरकिडे होतात त्याचं काय?

मिरजवाला
कडक ऊन द्या, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. बरणी दमट नको.

नवीन_सून
मधेच विचारते, गणपती पेठेत गाडी लावायला जागा मिळते का सकाळी? फार गर्दी असते

कृष्णाकाठची
गाडी नकोच गं, रिक्षानं जा. आणि दुकानं उघडल्या उघडल्या.