सायकल चालवली तर साखर उतरेल, पण देशाचं नुकसान होतं म्हणे. खरं काय?

मानेवाडा_४६

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत, पण एकमेकांत अडकलेले, म्हणून एकत्रच विचारतो.

वय ४६. घर नागपुरात मानेवाड्याला, नोकरी हिंगणा एमआयडीसीत स्टोअर विभागात. जाणं-येणं मोटारसायकलने, दोन्ही वेळचे मिळून पंचवीसेक किलोमीटर. नुकत्याच केलेल्या तपासणीत उपाशीपोटी साखर १६८ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.१ निघालं. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्यात. डॉक्टर म्हणाले, रोज चाला नाहीतर सायकल चालवा. चालायला वेगळा वेळ काढणं मला जमत नाही. सायकल घरी आहे, गच्चीवर पडलेली. वडील एम्प्रेस या कापड मिलमध्ये होते, रात्रपाळीलाही सायकलनेच जायचे, त्यामुळे लाज वगैरे काही नाही. भीती आहे ती रिंग रोडच्या ट्रकची, मे महिन्याची आणि माझ्या उजव्या गुडघ्याची.

दुसरा प्रश्न. कंपनीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सायकल चालवणारा माणूस अर्थव्यवस्थेला घातक, कारण तो गाडी घेत नाही, कर्ज काढत नाही, पेट्रोल भरत नाही, आजारी पडत नाही, दवाखान्याचं बिल देत नाही. सगळ्यांना हसू आलं. मला आलं नाही, कारण त्याच संध्याकाळी मी औषधांचं बिल भरून आलो होतो. यात तथ्य आहे का? कोणी नीट समजावून सांगेल का?

सक्करदरा_सायकल_दुरुस्ती

भाऊ, पहिले तं सायकल गच्चीवरून खाली आना. उन्हात पडून टायर-ट्यूब गेले असतीन, ते बदला. दोन्ही चाकांचे हब खोलून ग्रीस भरून घ्या, ब्रेकचे रबर नवीन टाका, चेन रॉकेलमध्ये धुऊन तेल द्या. नवीन सायकल घ्याची घाई करू नका. जुन्या काळ्या सायकलीची फ्रेम लय मजबूत राहते.

आमच्या दुकानात रविवारी गिअरवाल्या सायकली येतात, पोरं चांगली चालवून राहिले. पण कामावर जाणारा मानूस सायकल घेऊन येनं जवळपास बंदच झालं. ज्याच्या बापाची सायकल मी दुरुस्त केली, तो आता हवा भराले पण येत नाही. त्याची गाडी राहते बाहेर उभी.

रामदासपेठचा_फिजिशियन

मानेवाडाकर, आधी तब्येतीचं बोलू, मग पैशाचं.

पॅडल मारताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, त्या वेळी त्यांना इन्सुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. टाइप २ मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, तोच तर मूळ बिघाड. म्हणजे जी वाट बंद पडत चालली आहे तिच्या बाजूने दुसरी वाट उघडते. व्यायाम थांबल्यावरही पुढचा एखादा दिवस स्नायूंची ही दाद सुधारलेली राहते, मग हळूहळू ओसरते. म्हणून रविवारी एकदम पन्नास किलोमीटर मारण्यापेक्षा रोजचे थोडे किलोमीटर साखरेला जास्त मानवतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम लागणं.

कामावर जाताना सायकल, हा मुद्दा मी मुद्दाम धरून आहे. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. बस एकच, कंपनी एकच, पण हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला. त्यातला कोणी व्यायाम करायचा म्हणून करत नव्हता, त्यांचं कामच तसं होतं. पुढे २०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तिथल्या अडीच लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास आला. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये, गाडीने किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत, अभ्यासाच्या काळात मृत्यू येण्याचा धोका ४१ टक्क्यांनी कमी दिसला. असे अभ्यास संबंध दाखवतात, त्यामागचं कारण पक्कं सिद्ध करत नाहीत; सायकल चालवणारा माणूस मुळातच जास्त धडधाकट असू शकतो. तरी स्नायूंचं जे काम वर सांगितलं त्याच्याशी हे जुळतं, म्हणून मी त्यावर विसंबतो.

ओपीडीत मी रुग्णाला एक प्रश्न हमखास विचारतो: कामावर कशाने जाता, आणि आधी कशाने जायचात? पन्नाशीतल्या पुष्कळ माणसांकडून एकच उत्तर येतं. आधी सायकल होती, पगार वाढला, गाडी घेतली. त्यात मी त्यांचा दोष धरत नाही. आपल्याकडे सायकल ही गरिबीची खूण मानली गेली आणि हप्त्यावरची गाडी ही घर वर आल्याची. शिवाय शहर लांबलं. तुमच्या वडिलांची पिढी मिलच्या आसपास, सायकलच्या टप्प्यात राहायची. आता घर बेसा-हुडकेश्वरला आणि काम मिहानला नाहीतर बुटीबोरीला. एवढं अंतर रोज सायकलने कापा असं मी दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू?

तुमच्यापुरता मार्ग मात्र आहे. रिंग रोड सोडून द्या, तिथली तुमची भीती बरोबर आहे. मानेवाड्याहून तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक करत अजनी चौकाच्या मेट्रो स्टेशनपर्यंत चार-पाच किलोमीटर होतील. आपल्या मेट्रोत सायकल घेऊन चढता येतं. बर्डीला (सीताबर्डीला) मेट्रो बदला आणि लोकमान्यनगरला उतरा, तिथून एमआयडीसी लागूनच आहे. सकाळ-संध्याकाळचं मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास सायकल होईल. आठवड्याचा हिशेब सहज भरतो आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आता तो मेसेज.

जीडीपी म्हणजे वर्षभरात देशात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांची किंमत. बायपास झाली की ती त्यात धरली जाते, डायलिसिस (मूत्रपिंड निकामी झाल्यावर यंत्राने रक्त शुद्ध करणं) धरलं जातं, अपघातानंतरची गाडीची दुरुस्तीही धरली जाते. ज्या माणसाला यातलं काही लागलंच नाही, त्याचं निरोगी असणं कुठेच नोंदवलं जात नाही. ही गोष्ट राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी ज्यांनी बसवली त्या सायमन कुझनेट्स यांनाही ठाऊक होती. १९३४ साली अमेरिकी काँग्रेसपुढे ठेवलेल्या अहवालात त्यांनी बजावलं होतं की या आकड्यावरून देशाचं कल्याण ठरवता येत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकी तीच चूक केली आहे.

दुसरं, वाचलेला पैसा हवेत विरत नाही. तो मुलीच्या शिकवणीला जातो, किराण्याला जातो, सक्करदऱ्याच्या दुरुस्तीवाल्या भाऊंना जातो. तो इथेच फिरतो. पेट्रोलचं तसं नाही. आपला देश कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. पंपावर दिलेल्या पैशातला मोठा भाग कर म्हणून सरकारकडे येतो, हेही खरं. पेट्रोल कमी जळलं तर तो कर घटेल. पण आजारी माणसाला सांभाळायचा सरकारचा खर्चही त्याच तिजोरीतून जातो.

आणि घराच्या तिजोरीचं काय? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या स्वतःच्या खिशातून जात होते. २०२१-२२ पर्यंत ते प्रमाण ३९.४ वर आलं. सुधारणा मोठी आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. तरी शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून रुग्ण नाहीतर त्याचं घर मोजतंय.

डायलिसिसचंच घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते मोफत मिळतं. पण आठवड्यातून सहसा तीनदा जायचं, प्रत्येक वेळी चार तास पलंगावर, आणि सोबत घरचं कोणीतरी. त्या सोबतच्या माणसाची रोजी कोणतीच योजना देत नाही. गावाकडून रेल्वेने नाहीतर एसटीने येणारी कुटुंबं मी बघतो. नवऱ्याला मशीनवर ठेवून बायको बाहेरच्या बाकावर बसलेली असते, आणि तिच्या मजुरीचा तो दिवस गेलेला असतो. त्या मूत्रपिंडांचं नुकसान बहुतेकदा अनेक वर्षं चढ्या राहिलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने केलेलं असतं. म्हणून त्या मेसेजवर मलाही हसता येत नाही.

महालची_मास्तरीण

डॉक्टरसाहेब, पटलं, पण एक शंका. आमच्या घरी वर्षानुवर्षं दूध घालणारे दादा आयुष्यभर सायकलवरच. कॅनचं वजन लादून रोज कितीतरी फिरतात. त्यांनाही साखर निघाली. मग?

आणि बायकांचं काय? शाळकरी मुली आमच्या गल्लीतून मजेत सायकलने जातात. कॉलेज लागलं की स्कूटी, आणि लग्न झालं की कुणाच्या तरी मागे बसणं. सायकल चालवणारी चाळिशीची बाई मला महाल-इतवारीत शोधूनही सापडत नाही.

रामदासपेठचा_फिजिशियन

ताई, दूधवाल्या दादांचा प्रश्न अगदी योग्य आहे. सायकल म्हणजे मधुमेहाविरुद्धची लस नव्हे. अनुवंश, जेवणातला भात-पोळीचा भाग, पहाटेच्या कामामुळे तुटणारी झोप, तंबाखू, सगळं मिळून ठरतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज आहे, आणि त्याहून जास्त लोक उंबरठ्यावर उभे आहेत. त्यात कष्टकरीही आहेत. दादांची साखर सायकल असूनही वाढली हे खरं, पण सायकल नसती तर ती आधी आणि जास्त वाढली असती असं मला वाटतं. त्यांना डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यायला सांगा. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत दोन्ही होईल. शिवाय पायाचे तळवे रोज बघायला सांगा. साखरेने पाय बधिर झाले की चप्पल घालून पॅडल मारणाऱ्याला जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळते.

बायकांबद्दल तुम्ही म्हणता ते मला फार लागतं. घरकामात बाई दिवसभर उभी असते, पण दम लागेल असं चालणं तिच्या वाट्याला येत नाही. यात डॉक्टर फार काही करू शकत नाही, रस्ता करू शकतो. आपले सिमेंटचे रस्ते गुळगुळीत झाले, पण कडेला कित्येक ठिकाणी वीतभर खाली उतार आहे. मागून हॉर्न आला की सायकलवाल्याला खाली उतरायची सोय नाही. जिथे बाजूला ब्लॉक टाकलेत तिथे गाड्या उभ्या असतात. सिव्हिल लाइन्समध्ये झाडांची सावली आणि रुंद रस्ते आहेत, तिथे सकाळी बायका सायकलवर दिसतात. महालात दिसत नाहीत, यात महालच्या बायकांची हौस कमी पडत नाही.

आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत. मला त्याचा मनापासून अभिमान आहे आणि त्यानंतर पहाटे वर्धा रोडवर दिसणारी मुलं बघून आनंद होतो. पण शहराच्या आरोग्याचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे डबा कॅरिअरला लावून कामावर निघालेला माणूस असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, ते त्याच्यासाठी चांगलंच झालं. आता त्याला दोन हात रुंदीची सुरक्षित कड द्या.

मानेवाडा_४६

सगळ्यांचे आभार. सायकल खाली आणली, भाऊ म्हणाले तसं काम करून घेतोय. डॉक्टरसाहेब, गुडघा, ऊन आणि गोळ्या, एवढं सांगा. आणि मेट्रोचं तिकीट धरलं तर पेट्रोलचे पैसे वाचतात का?

रामदासपेठचा_फिजिशियन

पेट्रोलचं आधी. पंचवीस किलोमीटरला साधारण अर्धा लिटर, महिन्याच्या सव्वीस कामाच्या दिवसांत तेरा लिटर, म्हणजे तेराशेच्या वर रुपये. मेट्रोचा खर्च त्यातून वजा केला तर तुमच्या हाती फारसं उरणार नाही, उगीच आशा लावत नाही. घर-काम चार-पाच किलोमीटरच्या आत असेल त्याची पुरी रक्कम वाचते. तुमचा फायदा औषधांच्या बाजूला आहे, आणि तो दिसायला तीन महिने लागतील, कारण एचबीए१सी तेवढ्याच काळाची सरासरी दाखवतं.

गुडघा: सीट बहुतेक खाली असते, म्हणून दुखतो. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय जवळपास सरळ झाला पाहिजे. तेवढी सीट वर घ्या. चढावर जोर लावू नका, उतरून चाला.

गोळ्या: मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा फार खाली जात नाही, ग्लिमेपिराइडने जाऊ शकते. सायकल सुरू करणार हे तुमच्या डॉक्टरांना आधी सांगा, डोस त्यांना बदलावा लागू शकतो. स्वतःहून गोळी सोडू नका. खिशात साखरेची पुडी किंवा गूळ ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबा, साखर तोंडात टाका आणि पंधरा मिनिटं बसा. छातीत दाब किंवा जबड्यात-डाव्या हातात कळ आली तर सायकल तिथेच ठेवून थेट दवाखाना गाठा. सुरुवातीला एक ईसीजी काढून घेतलेला बरा.

ऊन: एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत निघा. परतीला ऊन कलेपर्यंत कंपनीतच थांबा, किंवा त्या महिन्यांत फक्त सकाळची सायकल ठेवा. डोक्याला ओला दुपट्टा, त्यावर हेल्मेट, पाण्याची बाटली हँडलपाशी. पुढे डापाग्लिफ्लोझिनसारखी साखरेची गोळी किंवा रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली तर उन्हाळ्यात अंगातलं पाणी लवकर कमी होतं, हे लक्षात ठेवून विचारा. मागे लाल दिवा हवाच, संध्याकाळी मेडिकल चौकात तो फार उपयोगी पडतो.

पहिला आठवडा फक्त अजनीपर्यंत एका वेळची सायकल करा. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला की इथे लिहा.