स्पोर्टी सेडानचे टायर बदलण्याविषयी सल्ला हवा आहे

मागील चाकांवर चालणारी एक स्पोर्टी एक्झिक्युटिव्ह सेडान मी नुकतीच तासभर चालवून पाहिली आणि तेव्हापासून माझा निर्णय अडला आहे. वळणावर ती अप्रतिम वागते: स्टिअरिंग जरासे फिरवताच गाडीचे नाक आत वळते आणि बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबत गेले, की मागची चाके गाडीला ढकलत असल्याची जाणीव थेट पाठीला होते. 1975 साली आलेली बीएमडब्ल्यूची 3 सीरीज याच गुणासाठी ओळखली जाते आणि मलाही गाडी हवी आहे ती यासाठीच.

अडचण कमी वेगाची आहे. 225/40 आर 19 मापाच्या (रुंदी 225 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 40 टक्के, रिम 19 इंची), ताठ बाजूंच्या रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणाऱ्या टायरांमुळे कम्फर्ट मोडमध्येही रस्त्यावरचा प्रत्येक सांधा मणक्याला जाणवतो. 225/45 आर 18 घेतल्यास एकूण व्यास जवळपास तोच राहून टायरच्या बाजूची उंची सुमारे 90 वरून 101 मिलिमीटर होते.

ज्यांनी असा बदल करून साधे टायर बसवले आहेत, त्यांना आरामात खरोखर फरक जाणवला का, आणि मुख्य म्हणजे स्टिअरिंगचा तो नेमकेपणा टिकला का? स्टेपनी नसल्यामुळे पंक्चरसाठी आपण काय सोय केली, तेही कृपया कळवावे.