रेंजफाइंडरवर एफ/१ ची लेन्स: फिल्मला हवी, डिजिटलला कशाला?

गॅसबत्ती:
माझं मत स्पष्ट आहे. रेंजफाइंडर म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून, दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा. त्यावरच्या एफ/१.४ पेक्षा मोठ्या अ‍ॅपर्चरच्या (लेन्सचं तोंड; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) लेन्स फिल्मच्या नडीतून आल्या, आणि त्या तिथेच शोभतात. कॅननची ५० मिमी एफ/०.९५ १९६१ ची, लायकाची पहिली नॉक्टिलक्स एफ/१.२ १९६६ ची. तेव्हा कॅमेऱ्यात असायची ४०० आयएसओची (उजेड टिपायच्या ताकदीचा आकडा) फिल्म. ती १६०० ला पुश केली (१६०० ची धरून वापरली आणि जास्त वेळ धुतली) की सावल्या काळ्याठिक्कर पडायच्या. एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्त मिळाला तर शटर १/१५ सेकंदावरून १/३० वर यायचं, आणि तेवढ्यावर फोटो हलला की वाचला हे ठरायचं.

आज लायकाच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांवर ६४०० आयएसओ बिनधास्त चालतो. उजेडासाठी एफ/१ लागतच नाही. उरतं ते फक्त मागचं धूसर करणं. हल्ली कीर्तनाचे फोटो बघतो तर बुवांचा एक डोळा शार्प. दुसरा डोळा, हातातल्या चिपळ्या, मागचे टाळकरी सगळं पुसलेलं. यात कीर्तन कुठे आहे?

रिंगण:
गॅसबत्ती, अजिबात पटलं नाही. या लेन्स नीट वापरता येऊ लागल्या त्या डिजिटलवरच.

साधा हिशोब बघा. ५० मिमी, एफ/१, विषय एक मीटरवर: डेप्थ (शार्प येणारी खोली) जेमतेम २४ मिमी. रेंजफाइंडरचा पॅच (प्रतिमा जुळवायचा चौकोन) फक्त मधोमध. डोळ्यावर दोन प्रतिमा जुळवल्या आणि चेहरा कडेला घ्यायला कॅमेरा १५ अंश वळवला, तर फोकसचं प्रतल डोळ्याच्या सुमारे ३४ मिमी मागे जातं. म्हणजे पॅच अचूक जुळवूनही फोटो सॉफ्ट! फिल्मवर हे कळायचं रोल धुऊन आल्यावर. २०१२ च्या एम (टाइप २४०) पासून लाइव्ह व्ह्यू (लेन्सला दिसतं ते मागच्या स्क्रीनवर) आहे. कडेच्या डोळ्यावर तिथल्या तिथे फोकस करा.

उन्हाचंही तेच. फिल्मवाल्या एम६ चं शटर १/१००० ला संपतं. ४०० ची फिल्म, कडक ऊन, एफ/१.४ म्हणजे १/५०,००० च्या आसपास शटर हवं. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावल्याशिवाय लेन्स उघडताच येत नाही. डिजिटल एम११ वर आयएसओ ६४ आणि इलेक्ट्रॉनिक शटर १/१६,००० ला भर उन्हात एफ/१ सुद्धा बसतं.

गॅसबत्ती:
आणि समोरून कोणी धावत गेलं की त्याच इलेक्ट्रॉनिक शटरने तो तिरका येतो.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. रेंजफाइंडर घ्यायचा तो चौकटीबाहेरचं दिसावं, माणूस आत येण्याआधी त्याची चाहूल लागावी म्हणून. सगळा वेळ मागच्या स्क्रीनकडे बघायचं असेल तर मिररलेस घ्या, स्वस्तात पडेल. शिवाय नॉक्टिलक्स एफ/०.९५ चं वजन ७०० ग्रॅम, आणि व्ह्यूफाइंडरचा खालचा उजवा कोपरा ती खाऊनच टाकते. ज्यासाठी हा कॅमेरा घेतला तेच झाकायचं?

पेचकस:
दुरुस्तीच्या बाजूने बोलतो. बॉडीबॉडीत फरक असतो. एम३ च्या व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन ०.९१, म्हणून त्याचा परिणामी बेस (जितका जास्त तितका फोकस अचूक) ६२ मिमीच्या आसपास. एम६ चा ०.७२ मुळे ५० च्या घरात. एफ/१ ला हा फरक जाणवतो. १.४ पटीचं भिंग आयपीसला लावलं की एम६ सुद्धा सुधारतो.

फिल्मला इमल्शनची (उजेड टिपणाऱ्या थराची) थोडी जाडी असते, ती थोडं पोटात घालते. ६० मेगापिक्सेलचा सेन्सर सपाट. तो काहीच पोटात घालत नाही. फिल्मवर वर्षानुवर्षं चांगली चाललेली लेन्स डिजिटलवर लावली की 'फोकस बिघडला' म्हणून लोक येतात. बिघाड जुनाच असतो, आता दिसू लागलेला. झाइस सी-सोनार ५० एफ/१.५ सारख्या लेन्समध्ये तर अ‍ॅपर्चर लहान करताना फोकसच सरकतो, तो लेन्सचा स्वभाव आहे. माझा सल्ला: लेन्स आणि बॉडी एकत्रच कॅलिब्रेट करून (एकमेकांना जुळवून) घ्या.

कनातीमागे:
मी तमाशाच्या फडावर फिल्मनेच शूट करते, ८०० ची टंगस्टन (बल्बच्या उजेडासाठीची) फिल्म आणि एफ/१.२. तरी माझं मत रिंगण यांच्या बाजूने.

गॅसबत्तीदादा, दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. अंतर तिप्पट केलं की डेप्थ नऊपट होते. तीन मीटरवर ५० मिमी एफ/१.२ ला २५ सेंटिमीटर मिळतात. नाचणारीचा चेहरा, नथ, पदराचं टोक धरलेली बोटं सगळं त्यात मावतं, आणि मागची ढोलकी ओळखू येईल इतकीच विरघळते. तुमच्या बुवांचा फोटो घेणारा फार जवळ गेला होता.

आणि 'फक्त धूसर करणं' म्हणू नका. कनातीमागे एकच बल्ब असतो, बाकी पसारा: ट्रंका, वायरी, दोरीवरचे कपडे. तिथे एफ/५.६ ला फोटो त्या पसाऱ्याचाच होतो. मला आरशासमोर घुंगरं बांधणारी बाई हवी असते.

गॅसबत्ती:
अंतराचं मान्य. पण त्याच तीन मीटरवर डिजिटलला एफ/२.८ लावा, आयएसओ अडीच स्टॉप चढवा. बाईही मिळेल, तिची ट्रंकही. ती ट्रंक तिच्या गावोगावच्या फिरण्याचा पुरावा आहे, मला ती वाचता आली पाहिजे.

कनातीमागे:
ट्रंकेचा फोटो मी वेगळा काढते, एफ/५.६ लाच.