गर्दी गर्दी म्हणतात, पण विकतंय कोण?

कोणीतरी विचारलंय की फंड मॅनेजरच टेक शेअर्सना सगळ्यात गर्दीचा ट्रेड, म्हणजे सगळेच ज्यात घुसलेत असा सौदा, म्हणतायत, तर आपण बाहेर पडावं का. अहो, बँक ऑफ अमेरिका दर महिन्याला फंड मॅनेजरांचा सर्व्हे करते, त्यात मॅग्निफिसंट सेव्हनबद्दल (अमेरिकेतल्या सात बड्या टेक कंपन्या) ते 2023 पासून कित्येकदा हेच म्हणालेत आणि तरी धरून बसलेत, कारण एनव्हिडिया, मायक्रोसॉफ्ट कमी ठेवले आणि नेमके तेच चढले तर बेंचमार्कच्या, म्हणजे ज्या इंडेक्सशी त्यांची तुलना होते त्याच्या, मागे पडून क्लायंटची बोलणी कोण खाणार! आणि विकलं तेव्हा काय झालं? मार्च 2025 मध्ये याच मंडळींनी अमेरिकन शेअर्समधलं अलोकेशन (तिथे लावलेल्या पैशाचा वाटा) एका महिन्यात इतकं कापलं की सर्व्हेच्या इतिहासात तेवढं कधी कापलं नव्हतं, आणि जूनअखेर टेक शेअर्सचा भरणा असलेला नॅसडॅक इंडेक्स परत उच्चांकावर. मी तर त्या सर्व्हेत आधी मॅनेजरांनी कॅश किती टक्के ठेवलीय तेवढंच बघतो, मतं नंतर सवडीने.